बहात्तर किलो

लहान मुलं पळतात ती पाय आहेत म्हणून. मोठ्या माणसाला पळायला कारण लागतं, आणि ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणीतरी त्याच्या गळ्यात मारलेलं असतं. पाण्याच्या टाकीशेजारच्या मैदानावर रोज संध्याकाळी सहाला जी पंधरा-वीस मोठी माणसं गोल गोल फिरत असत, त्यांच्यातलं एकही हौसेने आलेलं नव्हतं. विमा विकणाऱ्याला त्याच्या डॉक्टरने घाबरवलं होतं. निवृत्त हेडमास्तरांना बायको गेल्यापासून संध्याकाळी घरात बसवत नव्हतं, आणि ते सगळ्यांना मोकळ्या हवेचे फायदे सांगत. बँकेतल्या बाईचा नवरा दुसरीकडे राहायला गेला होता. ती अशी काही दातओठ खाऊन पळायची, की पुढच्या माणसाला वाटावं, हिने आपल्यालाच तो नवरा धरलंय.

त्या मैदानाची एक रीत होती. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी फेऱ्या संपल्यावर त्याला बाकावर बसवायचं आणि कारण विचारायचं. हे काम कंपाउंडरकाकांचं. काकांनी पस्तीस वर्षं एका दवाखान्यात औषधं दिली होती. डॉक्टर वारले, दवाखान्याला कुलूप लागलं, आणि काकांनी आपला पत्र्याचा डबा उचलून मैदानावर आणला. डब्यात मलम, पट्ट्या, कापूस आणि गोळ्या. कुणाची पोटरी धरली, कुणाचा घोटा मुरगळला, की काकांचा चेहरा खुलायचा. ते नवीन माणसाला म्हणायचे, "हं, तुमचं काय?" कारण सांगितलं की माणूस मैदानाचा झाला.

ताईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "वजन."

"एका शब्दात उत्तर. पैकीच्या पैकी," हेडमास्तर म्हणाले, आणि सगळे हसले. ताईही हसली. चौऱ्याऐंशी किलोच्या बाईने वजन म्हटल्यावर पुढे कोण काय विचारणार? खोटं नव्हतंच ते. फक्त अर्धं होतं.

उरलेलं अर्धं घरी पलंगावर पडलेलं होतं. त्याचं नाव बारक्या. सहा फूट उंच, अडतीस वर्षांचा, बसचा ड्रायव्हर, तरी बारक्याच. आईवडील एका वर्षाच्या आत गेले तेव्हा ताई वीस वर्षांची होती आणि हा बारा. तिने शिक्षण सोडलं, छापखान्याच्या बाइंडिंगखात्यात लागली, आणि त्याला वाढवला. लग्नाचं राहूनच गेलं. बारक्याचं मात्र तिने वेळेवर करून दिलं. तेव्हापासून बारक्या, त्याची बायको आणि ताई अशी तिघं मैदानासमोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होती. भांडणं व्हायची, पण ती पंखा किती वेगाने लावायचा इतपतच.

मग बारक्याचे पाय सुजायला लागले. आधी सगळ्यांना वाटलं, दिवसभर बसून चालवतो म्हणून. चप्पल पायात शिरेना तेव्हा तो दवाखान्यात गेला, तोवर दोन्ही किडन्यांनी हात टेकले होते. आता आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास तो मशीनला लावलेला असायचा. बस चालवणं सुटलं. डेपोत त्याला एका खिडकीशी बसवून ठेवलं होतं. किडनी द्यायची तर बायकोचा रक्तगट जुळेना. रांगेत नाव लावलं, पण रांग सहा-सात वर्षांची. ताईचं मात्र सगळं जुळलं.

"तुमच्या किडन्या नव्या कोऱ्या आहेत," मोठ्या इस्पितळातली डॉक्टरीण म्हणाली. "पण या वजनावर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. तुमच्याच जिवाला धोका. बहात्तरवर या. उपाशी राहून नाही, हिंडून-फिरून, पळून. सहा महिन्यांत आलात तर बरं. मशीन लावायला तुमच्या भावाच्या शिरा फार दिवस साथ देतील असं वाटत नाही." आणि तिने देणाऱ्यासाठी असलेलं दोन पानी छापील पत्रक ताईच्या हातात दिलं. "हे नीट वाचा."

ताईने पत्रक घेतलं, पान एक वर, पान दोन खाली आहे ना ते बघितलं, कडेला कड जुळवली, मधोमध घडी घातली, मग आणखी एक, अंगठ्याच्या नखाने दाबली आणि पत्रक पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. घडी सुरेख झाली.

याला निष्काळजीपणा म्हणणं सोपं आहे. पण छापखान्यात तिची पहिली शिकवणी हीच होती. पहिल्याच आठवड्यात ती छापलेलं वाचत बसली, तेव्हा फोरमनने टेबलावर पट्टी आपटली होती. "अक्षराकडे बघितलंस की हात थांबला. आकड्याकडे बघ." पानाचा आकडा बरोबर, कड बरोबर, घडी बरोबर, पुढचा कागद. सव्वीस वर्षांत तिच्या हाताखालून कायद्याची, वैद्यकाची, गणिताची, जगातल्या सगळ्या शहाणपणाची पुस्तकं गेली आणि तिला त्यांतल्या एकाचंही पहिलं वाक्य माहीत नव्हतं. बारक्या चिडवायचा, "ताई, तू दोन ग्रंथालयं शिवलीस आणि वाचलास फक्त पान नंबर." तिला त्यात काही वावगं वाटत नसे. वाचायला बाकीचे होतेच की. आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते तिने कानाने ऐकलं होतं: बहात्तर.

मैदानावर तिने हे का सांगितलं नाही? कारण बाइंडिंगखात्यात सांगून बसली होती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरची बाई तिचा हात हातात घेऊन रडली. मालकांनी पाठ असलेली खुर्ची आणून दिली. आणि मग दर सोमवारी चौघीजणी विचारायला लागल्या, "किती झालं गं?" तिने डबा उघडला की डब्याकडे बघायच्या. एकदा तिने कुणाच्या तरी वाढदिवसाचा पेढ्याएवढा गोडाचा तुकडा तोंडात टाकला, तर सगळं खातं गप्प झालं. भावाच्या जिवापेक्षा हिला जीभ प्यारी, असं कुणी म्हणालं नाही, पण तिला ते ऐकू आलं. मैदानावर तरी ते नको होतं. शिवाय एक भीती होती. बहात्तर झालंच नाही तर? निदान वीस माणसं तरी अशी असू देत, ज्यांना ही बाई काय करू शकली नाही ते माहीत नसेल.

पहिला महिना हा निव्वळ अपमान होता. अर्धी फेरी पळाली की छातीत भाता सुरू. मांड्या एकमेकींवर घासून सोलवटल्या. विमेवाला चालत तिच्या पुढे निघून जायचा आणि वर "छान, छान" म्हणायचा. घरी आली की बारक्या पलंगावरून विचारायचा, "आज भूकंप कितीचा होता?" त्याचे ओठ फुटलेले असायचे, पाणी मोजून प्यायचं म्हणून. पण जिभेचा पट्टा चालू. ती म्हणायची, "गप पड. तुझ्यासाठीच चाललंय." मग तो गप पडायचा, आणि तिला वाटायचं, हे बोलायला नको होतं.

दोन महिन्यांनी काटा एकोणऐंशीवर आला आणि उजवा गुडघा गेला.

आधी नुसता कुरकुरला. मग जिना उतरताना सुरी घातल्यासारखं व्हायला लागलं. तिने घरी सांगितलं नाही. बारक्याला कळलं असतं तर तो म्हणाला असता, राहू दे ताई. आणि खरंच राहू दिलं असतं तर? ती गुडघ्याला फडकं बांधून पळाली. चौथ्या दिवशी तिसऱ्या फेरीला ती मैदानाच्या मधोमध खाली बसली.

कंपाउंडरकाका डबा घेऊन आले. त्यांनी गुडघा दोन्ही अंगठ्यांनी दाबून बघितला, सुजेवर मलम लावलं, आणि गोळ्यांची पट्टी काढली. पण द्यायच्या आधी त्यांनी विचारलं. काका अडाणी नव्हते. पस्तीस वर्षं विचारून विचारूनच त्यांनी औषधं दिली होती.

"बीपी? पोटात अल्सर? किडनीचा काही त्रास?"

"किडन्या?" ताई दुखण्यातही हसली. "किडन्या एकदम नव्या कोऱ्या आहेत, काका. मोठ्या इस्पितळात तपासून घेतल्यात."

"मग हरकत नाही. जेवणानंतर एक सकाळी, एक संध्याकाळी. चार दिवस. जास्त नको हं."

काकांनी आठ गोळ्या कापून दिल्या. तपासून कशासाठी घेतल्या, हे त्यांनी विचारलं नाही. बाईमाणसाला फार विचारू नये, असं त्यांचं वळण.

त्या गोळीने जादू केली. दोन तासांत गुडघा आहे की नाही तेच कळेना. चार दिवस ताई वाऱ्यासारखी नाही तरी निदान माणसासारखी पळाली. पाचव्या दिवशी गोळी संपली आणि गुडघा परत आला, पहिल्यापेक्षा दुप्पट रागावून. पुन्हा काकांकडे जायची तिला लाज वाटली. नाव पट्टीवर होतंच. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात तिने ते नाव सांगितलं, दुकानदाराने मान वर न करता पट्टी दिली. सकाळी एक, संध्याकाळी एक. पुढे दुपारीही एक, कारण बाइंडिंगच्या टेबलाशी उभं राहूनही दुखायचं. पट्टी ती पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवायची.

सत्त्याहत्तर. शहात्तर. मग बरेच दिवस शहात्तरच. त्या दिवसांत तिचा जीव टांगणीला लागला होता. बारक्याच्या हाताची शीर एकदा बंद पडली, डॉक्टरांनी ती मोकळी केली, पण तो आठवडाभर राखेसारखा दिसत होता. ताईचं ताट वाढताना भावजयीचा हात मध्येच थबकायचा.

आणि याच दिवसांत एक गोष्ट घडली, जी ताईने कुणालाच सांगितली नाही.

साधीच संध्याकाळ होती. ती रोजच्यासारखी मोजत पळत होती. एक, दोन, तीन. मग बँकेतली बाई शेजारून गेली, ताई तिच्या मागे लागली, आणि मोजायचं विसरली. कधीतरी तिला जाणवलं की छातीत भाता नाही. पाय आपले आपण पडतायत. घाम डोळ्यांत जातोय आणि त्याचं काही वाटत नाही. वीस वर्षांची असल्यापासून हे शरीर वाकून कामाला जुंपलेलं होतं. टेबलाशी, ओट्याशी, बारक्याच्या दप्तराशी, आता बारक्याच्या पलंगाशी. ते पळू शकतं, आणि पळताना कुणाचंच नसतं, हे तिला शेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. हेडमास्तरांनी बाकावरून ओरडून सांगितलं, "अकरा झाल्या हो!" ती थांबली नाही. चौदा केल्या. त्या दिवशी बारक्याची मशीनची पाळी होती आणि त्याला धरून जिना चढवायला भावजय एकटी होती.

तिसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा भावजय दारात उभी होती. "उशीर झाला," एवढंच ती म्हणाली. ताई म्हणाली, "चौदा फेऱ्या केल्या. अजून चार किलो आहेत ना." हे खरं होतं. आणि हेही खरं होतं की त्या चौदा फेऱ्यांत तिला बारक्या एकदाही आठवला नव्हता. अंथरुणावर पडल्यावर तिच्या मनात आलं, एक किडनी काढल्यावर असं पळता येईल का? आलं तसं तिने ते झटकलं. पण आलं होतं. तिला स्वतःची किळस आली. दुसऱ्या दिवशी ती पंधरा मिनिटं लवकरच मैदानावर गेली.

साडेपाच महिने होता होता काट्याने एकाहत्तर पूर्णांक सहा दाखवले. ताई दोनदा उतरून दोनदा चढली. घरी सांगितलं तेव्हा भावजयीने तिला मिठी मारली, पहिल्यांदाच. बारक्याने तिला पलंगासमोर उभं करून गोल फिरायला लावलं.

"एवढी झिजलीस," तो म्हणाला. "किडनी राहिलीय ना आत? का तीही पळून गेली?"

तिघंही पोट धरून हसली. बारक्याला हसताना धाप लागली, तरी तो हसला. त्या घरातलं ते शेवटचं हसू.

शेवटच्या तपासण्या झाल्या आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी ताईला बोलावून घेतलं. भावजय बरोबर आली, तारीख मिळणार म्हणून. डॉक्टरीण कागद पुढेमागे करत होती.

"लघवीतून प्रथिनं जातायत," ती म्हणाली. "रक्तातला आकडाही वाढलाय. सहा महिन्यांपूर्वी हे काही नव्हतं. मधे आजारी होता? ताप? काही औषधं?"

"नाही हो. काहीच नाही. गुडघ्याच्या गोळ्या तेवढ्या." ताईने हसत पर्समधून पट्टी काढली. एवढीच गोष्ट असेल तर ती सांगून टाकलेली बरी, असं तिला वाटलं.

डॉक्टरणीने पट्टी हातात घेतली आणि पेन खाली ठेवलं. "किती दिवस?"

"तीन महिने. साडेतीन असतील."

"दिवसाला?"

"दोन. कधी तीन."

मग डॉक्टरणीने सांगितलं, शांतपणे, रागावली असती तर बरं झालं असतं इतक्या शांतपणे. या गोळ्या किडन्यांवर जातात. कधीमधी घेतल्या तर निभावतं, इतके दिवस रोज नाही. आजपासून बंद. सहा महिन्यांनी पुन्हा तपासू. सुधारतीलही. तुमच्यापुरत्या त्या पुरतील. पण एक काढून दुसऱ्याला द्यायच्या लायकीच्या होतील, असं मी लिहून देणार नाही.

"सहा महिने?" भावजय म्हणाली. "त्यांना सहा महिने आहेत का?"

डॉक्टरीण ताईकडे बघत होती. "पत्रक दिलं होतं मी. दुसऱ्या पानावर, ठळक अक्षरात."

ताईने आतल्या कप्प्यातून पत्रक काढलं. गोळ्यांच्या पट्टीशेजारीच होतं ते, पहिल्या दिवशी घातलेल्या घडीत. तिने उघडलं, आणि डोळे सवयीने आधी पानाच्या आकड्यावर गेले. भावजयीने ते तिच्याकडून घेतलं आणि मोठ्याने वाचलं. "दुखणं कमी करणारी कोणतीही गोळी आमच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. त्यामुळे आपण किडनी देण्यास कायमचे अपात्र ठरू शकता." वाचून झाल्यावर तिने पत्रक त्याच घड्यांवर दुमडून परत दिलं.

घरी बारक्याला भावजयीनेच सांगितलं. सगळं सांगितलं, काही वाढवलं नाही. मग स्वयंपाकघरात ताईच्या समोर उभी राहिली.

"सव्वीस वर्षं कागदात गेली तुमची, ताई. दोन पानं वाचता आली नाहीत?"

"आमच्या कामात वाचत नाहीत गं," ताई म्हणाली. बोलता बोलताच तिला कळलं की हे जगात कुणालाही पटणार नाही.

"द्यायची नव्हती तर नाही म्हणायचं होतं. आम्ही काय गळा धरला होता? मी तुमच्या पाया पडले असते, पण गळा नसता धरला."

"अगं, मी त्याच्यासाठीच..."

"चौदा फेऱ्या? त्याच्यासाठी?" भावजय म्हणाली. "तुम्ही येताय का ते गॅलरीतून बघत होते मी त्या दिवशी. ते खाली जिन्याशी बसले होते, त्यांना चढवत नव्हतं. तुम्ही पळत होतात. तुमचा चेहरा दिसला मला वळणावर."

ताईने शपथ घ्यायची तर कशाची घ्यायची? वाचलं नव्हतं, ही शपथ ती घेऊ शकत होती. पण भावजय ते विचारत नव्हती. ती विचारत होती ते ताईलाही नीट माहीत नव्हतं. तिने बारा किलो अंगावरून उतरवले होते, गुडघा घासून घेतला होता, आणि तरीही मनाच्या तळाशी हात घालून काही सापडतंय का बघायची तिला भीती वाटत होती.

दोन दिवसांनी ती मैदानावर गेली, पळायला नाही. काका बाकावर बसून विमेवाल्याला गोळी देत होते. ताईने विमेवाला जाईपर्यंत वाट बघितली आणि मग सगळं सांगितलं. भाऊ, बहात्तर, गोळ्या, पत्रक. काका डब्याच्या झाकणावर हात ठेवून ऐकत होते. त्यांचा चेहरा उतरत उतरत अगदी म्हातारा झाला.

"मी विचारलं होतं," ते म्हणाले. "किडनीचा त्रास आहे का, विचारलं होतं ना मी?"

"विचारलं होतंत, काका."

"चार दिवस म्हणालो होतो."

"हो."

"पहिल्या दिवशी बाकावर कारण विचारलं तेव्हा एक शब्द बोलला असतात. एक शब्द. मी तुम्हाला मलमाशिवाय कशालाच बोट लावू दिलं नसतं. इतर काय वाटेल ते करून गुडघा बरा केला असता." त्यांनी वर बघितलं. "का नाही बोललात?"

"जमलं नाही तर काय, असं वाटलं," ताई म्हणाली.

काकांनी डब्यातल्या गोळ्यांच्या पट्ट्या काढल्या, एक एक करून, आणि बाकावर रचल्या. त्यानंतर ते मैदानावर दिसले नाहीत. हेडमास्तर म्हणाले, तब्येत बरी नसेल.

बारक्याची शीर दुसऱ्यांदा बंद पडली. मानेत नळी घातली, तिथे जंतू झाले, ताप भरला. पंधरा दिवस इस्पितळात ठेवून त्याला घरी सोडलं, आणि सोडताना डॉक्टर भावजयीशी बाहेर बोलले. आता त्याचा पलंग पुढच्या खोलीत खिडकीशी होता. भावजय ताईशी कामापुरतं बोलायची: पाणी, औषध, दार. ताई छापखान्यातून थेट घरी यायची, त्याचे पाय चेपायची, चादर बदलायची. सहा वाजले की तिचे पाय आपोआप हलायला लागायचे. ती ते पलंगाखाली दाबून धरायची. असं तिने एकवीस दिवस केलं.

बाविसाव्या दिवशी सहाला दहा मिनिटं असताना ती उठली, दाराशी बसली आणि एक बूट पायात घातला.

भावजय स्वयंपाकघराच्या दारात आली. "आता कुणासाठी?" तिने विचारलं. ओरडून नाही. तिला खरंच कळत नव्हतं.

"तू जरा आत जा," बारक्या पलंगावरून म्हणाला. भावजय गेली. त्याने ताईला हाताने जवळ बोलावलं. ती एक बूट घातलेली, तशीच लंगडत गेली आणि पलंगाच्या कडेला बसली. त्याच्या तोंडाला अमोनियासारखा वास येत होता. डोळे मात्र बारा वर्षांच्या पोराचे होते, ती लहानपणी अभ्यास घ्यायची तेव्हा असायचे तसे.

"ताई, खरं सांग. द्यायची होती ना?"

"होती रे. देवाशपथ होती."

"आणि पळायला आवडायचं?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर तो शांत झाला असता, निदान तसं दाखवलं असतं. पण अर्धं सांगायची सवय तिला कुठे घेऊन आली होती ते दोघांच्या मधे पलंगावर पडलेलं होतं.

"हो," ती म्हणाली.

"दोन्ही?"

"दोन्ही."

तिला वाटलं, तो चिडवेल. आयुष्यभर त्याने अशा वेळी चिडवलंच होतं. तिने वाट बघितली.

"मला पण आवडायचं," तो म्हणाला. "शाळेत. तुला माहीत नाही, तू कामावर असायचीस." मग तो भिंतीकडे वळला. "जा तू. पण माझ्यासमोर बूट घालत जाऊ नकोस."

ताईने पायातला बूट काढला. दोन्ही बूट हातात घेऊन ती अनवाणी तीन मजले उतरली, खालच्या पायरीवर बसली, आणि रडत रडत नाड्या बांधल्या. गोळी नव्हती. पहिल्याच वळणावर गुडघ्याने जीव काढला. ती पळत राहिली.

बारक्या त्यानंतर एकोणीस दिवस जगला. त्यांतले सतरा दिवस ती मैदानावर गेली.